नाव छापू नये ही विनंती

१४ जुलै १९९७, सोमवार

ट्रेनिंग सेंटरचा शिपाई पाकीट देऊन गेला. वर टाइप केलेलं, 'श्रीमती डी. के. कर्णिक'. म्हणजे मी. माझं नाव सुहासिनी आहे हे या टाउनशिपमध्ये दूधवाल्याला माहीत आहे, ट्रेनिंग सेंटरला नाही.

डिसेंबरात दक्षिण अमेरिकेतून बारा इंजिनियर कारखान्यात प्रशिक्षणाला येणार आहेत. त्यांच्यासाठी लायब्ररीत स्पॅनिश पुस्तकं मागवायची आहेत. टाउनशिपमध्ये स्पॅनिश जाणणारं दुसरं कोणी नाही, तरी मी 'फावल्या वेळात' मदत करावी, असं पत्र आहे.

पेरूहून परत येऊन तेरा वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत माझ्या स्पॅनिशची कोणाला आठवण झाली नाही. विचारायचे ते एवढंच, की पेरूला पेरू मिळतात का. महिला मंडळात हा विनोद मी चाळीसदा तरी ऐकला असेल आणि दर वेळी हसले असेन. हसले याचाच आता राग येतो.

ह्यांना, म्हणजे आमच्या दिलीप कर्णिकांना, पत्र दाखवलं. वाटलं, खूश होतील. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. म्हणाले, "कशाला उगाच? गुडघे दुखतात म्हणतेस."

माझ्या गुडघ्यांचा आणि स्पॅनिशचा काय संबंध?

जाणार आहे.

१६ जुलै

गेले. टेक्निकल लायब्ररीचे प्रमुख गोपीनाथ देवळे, मूळचे उज्जैनचे, चाळिशीचे. बोलतात मराठी, पण निम्मं हिंदी. "वहिनी, या या! चपला बाहेर काढा हां, एसी रूम आहे." काचेच्या खोलीत एक कॉम्प्युटर, त्याला प्लॅस्टिकचा झगा, झग्यावर हार वाळलेला. दसऱ्याचा असणार. म्हणजे दसऱ्यापासून झगा काढलेला नाही.

कपाटाच्या कुलपातून त्यांनी एक चकचकीत तबकडी काढली. स्पॅनिश भाषेत छापलेली, विक्रीला असलेली सगळी पुस्तकं म्हणे त्या एका तबकडीत आहेत. पुस्तकं नव्हेत, त्यांची यादी. लेखक, नाव, विषय, प्रकाशक, पत्ता. कुठलाही एक शब्द टाकायचा, की तो असलेली सगळी पुस्तकं समोर.

"मी सर्च मारून पाहिला," देवळे म्हणाले. "टर्बाइन टाकलं. काहीच नाही निघालं."

"टर्बाइन नाही, तुर्बीना," मी म्हटलं आणि टाइप केलं. एकशे बारा पुस्तकं. देवळे खुर्चीतून उठून उभे राहिले.

खोटं कशाला लिहू, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

२३ जुलै

आठवडाभर रोज अकरा ते दोन. हातोटी आली. दोन शब्द जोडून शोधता येतं, नको तो शब्द वगळता येतो. पडद्यावर पुस्तकाच्या नावाखाली दिसतं की ते मिळतं की 'आगोतादो', म्हणजे संपलंय.

एक फजिती. स्पॅनिशमध्ये एका न-वर लाटेसारखी रेघ असते. आमच्या कीबोर्डवर ती उमटत नाही. मी 'वर्ष' हा शब्द लाटेशिवाय टाकला तर शरीराच्या भलत्याच भागाचे डॉक्टरी ग्रंथ ओळीनं आले. देवळे मागे उभे. "हे कशाचे आहेत, वहिनी?" "पोटाच्या विकारांचे," मी म्हटलं.

घरी ह्यांना सांगितलं. एरवी असल्या गोष्टीवर खो खो हसतात. आज विचारलं, "त्यात पेरूची पुस्तकं पण असतात?"

"सगळ्या देशांची असतात."

"जुनीसुद्धा?"

"अहो, विक्रीला असली तर असणारच."

मग वर्तमानपत्र उघडून बसले.

३० जुलै

आत्ताच लिहिते, नाहीतर रागानं काहीतरी फोडेन.

आज काम लवकर संपलं. चाळीस पुस्तकांची यादी झाली. सहज, अगदी सहज, मी 'ओल्या अ प्रेसिओन' टाकलं. म्हणजे प्रेशर कुकर. पाच पुस्तकं आली. चार स्पेनमधली, रंगीत पाककृतींची. पाचवं: 'डोंगरातला प्रेशर कुकर'. पेरू. पहिली आवृत्ती १९८५, दुसरी १९८९, तिसरी १९९४. नाव: काब्रेरा, एल्विरा.

ते पुस्तक माझं आहे.

सगळं लिहून ठेवते. १९८१ ते ८४ आम्ही तिथे होतो. आपल्या कारखान्यानं डोंगरात एक छोटं वीजघर उभारलं आणि हे त्या साइटवर होते. तीन हजार मीटरांवर पाणी नव्वद अंशांनाच उकळतं. घेवडा, हरभरा काही शिजत नाही. बायका दिवसभर चुलीत निलगिरीचं लाकूड घालत बसायच्या, धुरानं डोळे लाल. कुठल्याशा संस्थेनं गावाला तीस प्रेशर कुकर वाटले होते, पण एक फुटला तेव्हापासून बाकीचे कोंबड्यांना पाणी ठेवायला. मी ते एकेक करून साफ केले. कुठली डाळ किती उंचीवर किती वेळ, पाणी किती, शिट्टी अडकली तर काय करायचं, झाकण कधी अजिबात उघडायचं नाही, हे तीन वर्षं स्वतः करून वहीत मांडलं. स्पॅनिशमध्ये. भाषा तपासायला शाळेतली बाई एल्विरा काब्रेरा. माझी मैत्रीण. आम्ही शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर त्याच्या पन्नास प्रती काढल्या. निघताना वही मी तिच्याकडे ठेवली. मुलांनी वाचून दाखवली असती, बायकांनी ऐकली असती, म्हणून.

आणि तिनं ती स्वतःच्या नावानं छापली. तीन वेळा.

परत आल्यावर मी तिला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. त्याच डिसेंबरात इथे भोपाळला गॅसगळती झाली. सगळ्या जगाच्या पेपरांत भोपाळ होतं. इकडे टाउनशिपकडे वारा आला नाही म्हणून आम्ही वाचलो, पण हे तिला कुठे माहीत? तरी 'सुहासिनी, जिवंत आहेस का' एवढी एक ओळ तिच्याकडून आली नाही. मी मनाला समजावलं, गरीब गाव, टपाल बेभरवशाचं. आता कळलं. मी मेले असते तर तिला सोयीचंच होतं.

३१ जुलै

ह्यांना सांगितलं. जेवत होते. घास हातात तसाच राहिला.

"नक्की तेच पुस्तक?"

"जगात दुसरं कोण लिहिणार आहे ते?"

"असेल काही गैरसमज. सुहास, तेरा वर्षांनी कशाला उकरून काढतेस? तिकडे कुठे तू कोर्टात जाणार आहेस?"

"कोर्टात नाही. तिला विचारणार आहे."

ताटात भात तसाच टाकून उठले. ह्यांचा स्वभावच भिडस्त. कोणी पायावर पाय दिला तर हेच माफी मागतात. पण हा पाय माझा आहे.

४ ऑगस्ट

देवळ्यांवर उगाच ओरडले. त्यांनी त्या नोंदीची छापील प्रत काढून दिली आणि म्हणाले, "वहिनी, एक गोष्ट बोलू? ह्या बाईच्या नावापुढे 'कॉम्प.' लिहिलंय. कम्पायलर. आमच्या कॅटलॉगच्या हिशेबानं ती लेखक नाही झाली. संकलक झाली. लेखकाची जागा खाली, म्हणजे रिकामी आहे."

मी म्हटलं, "चोराला तुम्ही संकलक म्हणता का?"

बिचारे आपल्या टेबलाकडे गेले. पण खरं आहे माझं. दुसऱ्याचं घर लुटायचं आणि पाटीवर 'संकलक' लावायचं. शब्दांचे खेळ करण्यात ती हुशारच होती.

६ ऑगस्ट

एल्विराला पत्र लिहिलं. चार पानं. स्पॅनिशमध्ये राग इतका चांगला करता येतो हे मला माहीत नव्हतं. तिला चोर म्हटलं. तिच्या आईच्या आजारपणात मी रात्रंदिवस बसले होते ते काढलं. शेवटी लिहिलं, माझ्या देशात हजारो माणसं मेली तेव्हा तू छापखान्यात होतीस.

हे म्हणाले, "दे, मी फॅक्टरीच्या पोस्टात टाकतो. लवकर जाईल."

दिलं. निदान एवढी तरी साथ दिली.

१२ ऑगस्ट

पुस्तकांच्या मागण्या फॅक्सनं गेल्या. प्रत्येक प्रकाशकाला वेगळी, पत्ते तबकडीतूनच. चाळिसाच्या यादीत मी एक्केचाळिसावं घातलं, 'डोंगरातला प्रेशर कुकर'. देवळ्यांनी भुवया वर केल्या. "टर्बाइनच्या ट्रेनिंगला कुकर?"

"त्यातही वाफच असते," मी म्हटलं.

हसून सही केली. मागणीखाली 'यादी करणार' म्हणून त्यांनी माझं पूर्ण नाव घातलं, सुहासिनी कर्णिक. मी सांगितलं नव्हतं.

पुरावा हातात हवा. मग पाहते.

१५ ऑगस्ट

पन्नास वर्षांची रोषणाई. सगळ्या सेक्टरांत दिवे, मुख्य गेटवर तिरंगी कारंजं. हे भाषण ऐकायला पहिल्या रांगेत. डिसेंबरात प्रमोशनची कमिटी बसणार आहे, म्हणून पहिली रांग. मी डोकं दुखतंय सांगून घरी.

८ सप्टेंबर

महाराष्ट्र मंडळाचा गणपती बसलाय. मोदकांचं माझ्याकडे होतं. शशिकला जोशी म्हणाली, "सुहासिनी, तू हल्ली किती चिडकी झालीस गं." शंभर मोदक वळून हे ऐकायचं.

एल्विराचं उत्तर नाही. महिना झाला. हे रोज दुपारी जेवायला येताना फाटकावरच्या पेटीतून टपाल स्वतः घेऊन येतात. पूर्वी पेटीला हातसुद्धा लावत नसत. माझ्यासाठीच चाललंय हे सगळं. "आज पण काही नाही," म्हणतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. वाईट वाटत असेल.

१९ सप्टेंबर

उत्तर देणारच नाही ती. काय देणार?

रजनीचा पुण्याहून फोन आला. हॉस्टेलची तक्रार झाल्यावर मी तिला एल्विराचं सांगितलं. ती तिथे होती तेव्हा सहा वर्षांची, एल्विराच्या वर्गात. म्हणाली, "आई, एल्विरा टीचर असं करणारच नाही." मी फोन ठेवून दिला. माझ्या मुलीचासुद्धा माझ्यावर विश्वास नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काय आणि कसं लिहू. क्रमानं लिहिते.

सकाळी साडेदहाला देवळे स्वतः स्कूटरवरून घरी आले. लायब्ररीच्या पत्त्यावर पेरूचं पार्सल आलं होतं. "ह्यात तुमच्या नावाचं पाकीट पण निघालं. म्हटलं, टपालानं नको, हातानं देतो." पाणीही न पिता गेले. मला वाटतं त्यांना काहीतरी अंदाज होता.

पुस्तक पातळ, पिवळं. मुखपृष्ठावर आमच्या गावचा पूल. पहिल्या पानावर छापलंय, मराठीत उतरवते:

'हे सारं एका भारतीय स्त्रीनं शोधलं आणि लिहिलं. ती तीन वर्षं आमच्यात राहिली. तिनं पत्रानं कळवलं आहे की तिचं नाव छापू नये. आम्ही तिचा शब्द पाळतो. गावातल्या बायकांना तिचं नाव माहीत आहे.'

मी कधी कळवलं?

मग पाकीट. एल्विराचं पत्र, तिचं गोल, शाळेतलं अक्षर. नव्या आवृत्तीसाठी छापखान्यात गेली असताना पुस्तकाच्या मागणीखाली माझं नाव पाहून ती तिथेच रडली म्हणे. १९८४ च्या डिसेंबरात तिनं मला तार केली होती. मग जानेवारीत पत्र, जिवंत आहेस का, मुलगी कशी आहे. त्याच पत्रात होतं की राजधानीतली एक बायकांची संस्था वही छापायला तयार आहे, तुझी सही हवी. उत्तर आलं ते एका पानाचं, टाइप केलेलं. 'ते उत्तर वाचून मला वाटलं, तू इतक्या लवकर आमची भाषा विसरलीस,' ती लिहिते. 'मी त्यानंतर आणखी तीन पत्रं पाठवली. मग थांबले. वाटलं, तुला आम्ही नकोसे झालो.'

त्या उत्तराची झेरॉक्स तिनं सोबत जोडली होती.

'आमचं आणि मुलीचं सगळं ठीक आहे. वही छापा. कृपया माझं नाव छापू नये ही विनंती. यापुढे पत्र पाठवू नये.' खाली इंग्रजीत सही, एस. डी. कर्णिक. मी एल्विराला कधी इंग्रजी सही केली नाही. देवनागरीत करायची, तिला वरची रेघ आवडायची.

आणि भाषा! मुलगी पुल्लिंगी, वही पुल्लिंगी, विनंती पुल्लिंगी. असं स्पॅनिश अख्ख्या साइटवर एकच माणूस बोलायचा. मजूर त्याची नक्कल करायचे आणि मी त्याची बाजू घेऊन त्यांच्याशी भांडायची.

आजपासून या वहीत 'हे' नाहीत. दिलीप.

दुपारी एकला जेवायला आला. मी टेबलावर ताटाऐवजी झेरॉक्स ठेवली होती. बघितली आणि खुर्ची न ओढताच उभा राहिला.

"तू लिहिलंस हे," मी म्हटलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. 'तू' आज पहिल्यांदा म्हटलं.

"सुहास, तेव्हाची परिस्थिती..."

"तू लिहिलंस?"

"हो."

मग सांगत बसला. परत आल्यावर साइटवरच्या एकाची चौकशी लागली होती, तिकडच्या कंत्राटदाराकडून भेटवस्तू घेतली म्हणून. सगळ्यांच्या फायली उघडल्या होत्या. त्यातच ह्याचं प्रमोशन. बायकोचं पुस्तक परदेशात छापून येतंय म्हटल्यावर प्रश्न येतील, परवानगी घेतली का, संबंध काय. "मला वाटलं, एवढीशी वही. तू विसरून जाशील."

"आणि तार? ती जिवंत आहेस का विचारत होती!"

"तार दाखवली असती तर तू उत्तर लिहिलं असतंस. मग ती पुस्तकाचं लिहिणार. एक दाबलं की पुढचं दाबावं लागतं."

"माझी दोन पत्रं? परत आल्याबरोबर लिहिलेली?"

"ती टाकली होती. खरंच टाकली होती. चौकशी नंतर लागली."

तेवढीच दोन एल्विराला मिळाली होती. तिनं त्यावरूनच फॅक्टरीचा पत्ता घेतला होता. तेव्हा क्वार्टर मिळालं नव्हतं म्हणून पत्ता मीच फॅक्टरीचा दिला होता. मीच.

मग आठवलं. "आणि ऑगस्टमधलं?"

त्यानं मान खाली घातली. "ड्रॉवरमध्ये आहे. ऑफिसच्या."

इतकं संतापायला हवं होतं की टेबल उलटवावं. आणि त्याच क्षणी हायसं वाटलं. ती चार पानं एल्विरानं वाचली नाहीत. चोर म्हटलेलं तिला कळलं नाही. मला त्याचे उपकार मानावे लागले, तेही आजच्या दिवशी. याच्यासाठी त्याला कधी माफ करणार नाही.

"ते पत्र संध्याकाळी घेऊन ये," मी म्हटलं. "बंद असेल तसं."

आणलं. चुलीत घालायला आता चूल नाही. बाल्कनीत कुंडीत जाळलं.

१४ ऑक्टोबर

बोलत नाही.

१८ ऑक्टोबर

बोलत नाही. स्वयंपाक करते. वाढत नाही.

अडीच महिने मी एका बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिची माफी कशी मागू? तिला तर माहीतच नाही की मी काय म्हटलं होतं. आणि एक प्रश्न मला सोडत नाही. सगळं जग भोपाळ भोपाळ करत असताना तिचं पत्र कसं आलं नाही, हे मी एकदाही दिलीपला नीट विचारलं नव्हतं. एल्विरावर संशय घेणं सोपं होतं. ती लांब होती.

३० ऑक्टोबर

दिवाळी. रजनी आलीय. तिला सगळं सांगितलं. तिनं बाबांना नमस्कार केला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. दिलीप फराळाचं ताट घेऊन त्या दाराशी बराच वेळ उभा होता. चकल्या या वर्षी मी केल्या नव्हत्या, बाजारच्या होत्या.

५ नोव्हेंबर

एल्विराच्या पत्रात शेवटी होतं की जानेवारीत चौथी आवृत्ती निघतेय. माझी इच्छा बदलली असेल तर हातानं लिहून कळवावं, नाव छापतील. मी आज जेवताना सांगितलं की होकार पाठवतेय.

दिलीप म्हणाला, "जरूर पाठव. फक्त डिसेंबर जाऊ दे. कमिटी होऊ दे."

"तेव्हाही प्रमोशनच होतं."

"सुहास, शेवटचं आहे हे. दीड महिन्यानं काय बिघडतंय?"

त्याला खरंच कळत नाही. डोळ्यांत पाणी होतं आणि खरंच कळत नव्हतं.

१० नोव्हेंबर

पर्सोनेल विभागात गेले. दिलीपला न सांगता. परवानगी लागते ना, मग मीच मागते. खिडकीत चौरसिया म्हणून कोणी होते, केसांना मेंदी. मी अर्ज पुढे केला. त्यांनी वाचला, नियमांचं जाड पुस्तक काढलं, बोट फिरवत पान शोधलं.

"भाभीजी, ये नियम तो कर्मचारी के लिए है. आप तो कर्मचारी नहीं हैं."

"म्हणजे बायकोला लागू नाही?"

"बिलकुल नहीं. और कर्मचारी को भी साहित्य, कला, विज्ञान की किताब के लिए परमिशन नहीं लगती. ये देखिए." बोट ठेवलं. मग अर्जाकडे पुन्हा बघून हसले. "खाना बनाने की किताब है? इसके लिए आप धूप में चलकर आईं?"

"हा नियम कधीपासून आहे?" मी विचारलं. मराठीत विचारलं, भान नव्हतं. त्यांना समजलं.

"शुरू से. मैं अठहत्तर में आया, तब से यही है."

अठ्ठ्याहत्तर. चौऱ्याऐंशीच्या सहा वर्षं आधी.

बाहेर बाकावर बसून राहिले. त्या खिडकीपासून दिलीपचं ऑफिस चार मिनिटांवर आहे. चार मिनिटं चालून त्यानं विचारलं असतं तर.

संध्याकाळी त्याला सांगितलं.

"तू विचारलंस का नाहीस?"

"विचारलं असतं तर कळलं असतं ना त्यांना, की पुस्तक आहे."

"आणि मला का नाही विचारलंस?"

तो उठून बाल्कनीत गेला. उत्तर दिलं असतं तर ऐकून घेतलं असतं, असंही नाही.

१२ नोव्हेंबर

मी सांगितलं, माझ्या पत्राबरोबर तुझंही जाईल. एल्विराला तू स्वतः लिहायचंस, तुझ्या हातानं, तुला येतं तेवढ्या स्पॅनिशमध्ये. मी मदत करणार नाही.

नाही म्हणाला नाही.

१५ नोव्हेंबर

तीन संध्याकाळी बसलाय. लायब्ररीसाठी आलेला शब्दकोश देवळ्यांकडून मागून आणला, पावती करून. आज मान वर करून विचारलं, "खोटं म्हणजे 'मेन्तिरा' ना? पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?"

"स्त्रीलिंगी. पण बोललास तू."

खोडलं, पुन्हा लिहिलं. मी वाचलं. चुका रग्गड. एकही सुधारली नाही. पण त्यात कुठे परिस्थिती, चौकशी, प्रमोशन नव्हतं. 'मी तिला विचारलं नाही' हे वाक्य दोनदा होतं.

म्हणून राग गेला का? नाही. उलट आणखी आला. एवढं साधं वाक्य याला येत होतं तर.

१७ नोव्हेंबर, सोमवार

माझं पत्र पूर्ण झालं. दिलीपनं विचारलं, "नाव काय दिलंस?"

मी कागद त्याच्यापुढे धरला. तिकडे माणसाला दोन आडनावं असतात, एक बापाचं, एक आईचं. बाईला लग्नानंतरही तीच. एल्विरानं होकाराच्या कागदावर तशाच दोन जागा रिकाम्या ठेवून पाठवल्या होत्या. त्या जागांत मी लिहिलं होतं: सुहासिनी प्रधान गुप्ते. वर देवनागरीत, खाली त्यांच्या लिपीत.

त्यानं ते दोनदा वाचलं. कर्णिक शोधत असावा.

"अक्षर जरा गिचमिड झालंय," शेवटी म्हणाला. खरंच मदत करायची होती त्याला. "छापखान्यात चुकायला नको. मी टाइप करून देऊ?"

"नको," मी म्हटलं. "तू टाइप केलेलं तेरा वर्षं पुरलं."

पाकीट बंद केलं, मिनीबस धरून मोठ्या पोस्टात गेले आणि रजिस्टर करून आले.